टोपलीतली लडी

भूपेंद्र सोनकुसरे पुण्याहून कायमचा पवनीला परतला तेव्हा त्याच्यासोबत बायको रेणू, चार सुटकेसा, एक भिंतभर टीव्ही आणि अकरा वर्षांत जमवलेलं ज्ञान एवढं सामान होतं. टीव्ही उतरवायला दोन माणसं लागली. ज्ञान मात्र त्याने स्वतःच मिरवत घरात नेलं. पुढे जे झालं ते पाहता ते गाडीतच विसरायला हवं होतं, असं आता तो स्वतःच सांगतो, आणि तेही न विचारता.

पुण्यात त्याचं काम बोलण्याचं होतं. धंद्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीत तो होता. मोठ्या हॉटेलात कारखानदार जमवायचे, त्यांना आधी पोटभर जेवू घालायचं आणि मग पेंगुळलेल्या डोळ्यांपुढे पडद्यावर तीन मंत्र झळकवायचे: क्लाऊड, मोबिलिटी, अ‍ॅनालिटिक्स. म्हणजे हिशेब दूर कुठेतरी मोठ्या संगणकावर ठेवा, काम खिशातल्या मोबाइलवर करा आणि निर्णय आकड्यांना घेऊ द्या. भूपेंद्र हे इतकं छान सांगायचा, की त्यालाही ते पटायचं. मग एके दिवशी कंपनीने आपलंच सॉफ्टवेअर आपल्याच माणसांवर चालवून पाहिलं. कोण कामाचं आणि कोण जास्तीचं हे त्यातून चटकन निघालं, आणि जास्तीच्यांत भूपेंद्र निघाला. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याआधी क्षणभर त्याला बरंही वाटलं, की आपण विकत होतो ती वस्तू खरोखरच चालते.

पवनीत घरचा धंदा होता. वडील भैय्यालाल विणकरांना कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत द्यायचे, साड्या विणून घ्यायचे आणि नागपूरच्या व्यापाऱ्यांना विकायचे. गावात आणि आसपास मिळून चाळीसेक घरांत त्यांच्या सुतावर माग चालत. सूत छत्तीसगडातून यायचं आणि मागवल्यावर आठवडा-दहा दिवस वाट पाहायला लावायचं. म्हणून कोणाकडचं सूत कधी सरणार हे आधी ओळखणं, हीच या धंद्यातली खरी विद्या.

भैय्यालालची रीत साधी होती. सकाळी सायकल काढायची आणि दहा-बारा घरं फिरायची. घरात जाऊन मागाशेजारी बसायचं, चहा प्यायचा, लेकीबाळींची चौकशी करायची आणि उठता उठता सुताची टोपली एका हाताने सहज उचलून परत ठेवायची. विचारायचं काहीच नाही. घरी येऊन ते सुताची मागणी करायचे. त्यांच्या हयातीत सुतापायी एकही माग बंद पडून बसला नव्हता, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवायचे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र वैजेश्वर घाटाकडच्या चढावर त्यांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी जाळी बसवली आणि सायकलला सक्त मनाई केली. भैय्यालालने गोळ्या नेमाने घेतल्या आणि सायकलही नेमाने काढली. राधाबाईंनी, म्हणजे भूपेंद्रच्या आईने, सायकलची चाबी पिठाच्या डब्यात लपवली तर त्यांनी कुलूपच बदलून आणलं. नवऱ्याला ओरडून ओरडून त्या माउलीचा घसा बसला. रोज सकाळी सायकल गेली की ती परत येईपर्यंत त्या मागावर बसायच्या खऱ्या, पण धोटा हातातच राहायचा.

म्हणून भूपेंद्रने मनावर घेतलं. नोकरी गेली हे दुःख एकीकडे, पण बापाला सायकलवरून उतरवण्याची विद्या आपल्याकडे आहे, या विचाराने त्याला जगण्याला पुन्हा अर्थ आल्यासारखं झालं. त्याने वडिलांना तीन मंत्र समजावले. भैय्यालालने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपली शर्त सांगितली.

"मंडईपर्यंत तू पाह्य. सुतापायी एकबी माग नाही बसला, तर धंदा तुहा अन् मी घरी बसतो. एक जरी बसला, तर मी सायकल काढतो. मंग मले डाक्टर नको सांगजो."

दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक होतं, सोयरिकी जुळतात. तोवर सव्वा-दीड महिना होता. भूपेंद्रला तो भरपूर वाटला. पुण्यात तो एवढ्या वेळात नुसती रंगांची निवड करायचा.

त्याने अ‍ॅप बनवलं. प्रत्येक घराने दर सोमवारी मोबाइलवर दोनच आकडे लिहायचे: किती साड्या झाल्या आणि सुताच्या किती लड्या शिल्लक आहेत. बाकी सगळं वर कुठेतरी आपोआप होणार होतं. सगळ्या घरांची शिल्लक मिळून तीस लड्यांच्या खाली आली, की छत्तीसगडला मागणी आपली आपण जाणार होती. ही तीसची रेघ भूपेंद्रने खुर्चीत बसून, डोळे मिटून, फार विचार केल्यासारखा चेहरा करून ठरवली. वर म्हणजे नेमकं कुठे, असं राधाबाईंनी विचारलं. क्लाऊडवर, तो म्हणाला. ते कुठे आहे, त्या म्हणाल्या. मुंबईला, तो म्हणाला, मग सिंगापूर असेल असं म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की अकरा वर्षं ही वस्तू विकून ती कुठे असते हे आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं.

समाजभवनात सगळ्या विणकरांना बोलावून त्याने प्रशिक्षण दिलं. आलूबोंडे होते, म्हणून गर्दी चांगली होती. त्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि करून दाखवायला आपल्याच घरचा माग घेतला. धरून चला, आमच्या आईकडचं सूत सरलं, असं म्हणून त्याने शिल्लकीच्या चौकटीत एक लिहिलं. हिरवं टिंब उमटलं. लोकांनी माना डोलावल्या, कोणालाच काही शंका नव्हती. इतक्या वर्षांत इतका समजूतदार श्रोता आपल्याला मिळाला नाही, असं त्या रात्री त्याने रेणूला दोनदा सांगितलं.

टीव्ही घरच्या सुताच्या दुकानात भिंतीवर लागला. त्यावर चाळीस घरांची चाळीस टिंबं, सूत असलं तर हिरवं, शून्य झालं तर लाल, प्रत्येकाशेजारी शिल्लक लड्यांचा आकडा, आणि मध्ये एक गोल तक्ता फिरायचा. शेजारचा केवळराम, जो स्वतःही विणकरच होता, पहिल्या दिवशी ते पाहायला आला आणि यावर क्रिकेट लागतं का असं विचारून गेला. भैय्यालालनेही चष्मा पुसून सगळी टिंबं नीट पाहिली, प्रत्येक घराचा आकडा ओठ हलवत वाचला आणि बरं हाये म्हणाले. एवढी शाबासकी त्यांनी भूपेंद्रला दहावी पास झाल्यावरही दिली नव्हती. त्या उत्साहात त्याने वडिलांना आरामासाठी तुमसरला आपल्या बहिणीकडे, रिताकडे पाठवून दिलं. भैय्यालाल बसमध्ये चढले तेव्हा राधाबाईंनी हात जोडले, ते देवाला की टीव्हीला हे कळलं नाही.

मग भूपेंद्रचे सुखाचे दिवस सुरू झाले. सकाळी आंघोळ करून गादीवर बसायचं आणि टिंबं पाहायची. सगळी हिरवी. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच, फरक इतकाच की त्याचा उंट वातानुकूलित होता. बाप उगाच जन्मभर पायडल मारत राहिला, असं त्याला वाटायचं, आणि लगेच आपल्या मोठ्या मनाने तो बापाला माफही करायचा.

तिसऱ्या आठवड्यात मालनबाईंचा फोन आला. घाटाकडच्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचा माग. भूपेंद्र रांगत होता तेव्हापासून त्या सोनकुसऱ्यांचं सूत विणत होत्या.

"भाऊ, सूत धाडा. माहा माग बसला सकाळपासून."

भूपेंद्रने टीव्हीकडे पाहिलं. मालनबाईंचं टिंब हिरवंगार होतं. "मावशी, तुमच्याकडं एक लडी दिसून राहिली ना."

"हाये ना."

"मंग ते चालवा. तोवर येते सूत."

"ते कशी चालवू, भाऊ?" मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

भूपेंद्रला यामागचं कारण लगेच सापडलं, फक्त चुकीचं. नव्या पद्धतीला जुनी माणसं बिचकतात, हे तो कितीतरी सभांत शिकवून आला होता. त्याने वहीत मालनबाईंच्या नावापुढे फेरप्रशिक्षण असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांतून तसेच फोन आले. त्यांच्याकडेही एकेक लडी होती. तेव्हा त्याने सगळ्यांना मिळून एक सविनय संदेश पाठवला, की शिल्लक लडी पडून ठेवू नये, ती आधी संपवावी आणि मगच नवीन मागावं. उत्तर कोणी दिलं नाही. एकट्या केवळरामने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते संमतीचं असं भूपेंद्र समजला. आमच्या भागात, बोलणं संपलं, आता तुमचं तुम्ही पाहा, असं म्हणायचं असलं तरी माणूस हातच जोडतो, हे तो पुण्यात विसरला होता.

यानंतर फोन आले नाहीत. भूपेंद्रने त्याला प्रश्न सुटला असं नाव दिलं. गल्लीतून जाताना मागाची खटखट ऐकू येईनाशी झाली, तेव्हा मंडई जवळ आली, लोक घर सारवण्यात असतील, असं त्याने ठरवलं. मनासारखं कारण शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रेणूने एकदा विचारलं, की टीव्हीवर सगळं हिरवं आणि गल्लीत चिडीचूप, हे कसं. त्याने तिला आकडा आणि भास यांतला फरक समजावून सांगितला. ती भंडाऱ्याच्या भांडीवाल्यांची लेक, वाजवून पाहिल्याशिवाय काही घ्यायची नाही. पण त्या दिवशी ती टीव्हीकडे एकदा पाहून आत गेली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी रेणूचे हात कणकेत होते. राधाबाई देवळात गेल्या होत्या. रेणूने नवऱ्याला हाक मारून कोठीतले तांदूळ काढून द्यायला सांगितले. भूपेंद्रने कोठीत हात घालून पातेल्यात तांदूळ काढले आणि झाकण लावलं.

"सरले," तो म्हणाला. "उद्या आणा लागतीन."

रेणूने कोपराने झाकण ढकलून आत पाहिलं. तळाशी दोन ओंजळी तांदूळ होते. मग हे काय आहे, तिने विचारलं.

"ते राहू दे. कोठी का रिकामी करते का कोनी?"

आणि पातेलं हातात धरून तो तिथेच उभा राहिला. रेणूला हसू येत होतं आणि ते ती कणकेत दाबत होती.

हे काही कोणाचं गुपित नव्हतं. कोठी खरवडायची नाही, तेलाची बरणी उलटी करायची नाही, आणि विणकराच्या घरी सुताची टोपली रिकामी ठेवायची नाही. शेवटची लडी लक्ष्मीची. ती टोपलीत असते, तिला सकाळी हळदकुंकू लागतं, नवीन सूत आलं की ते तिच्यावर ठेवतात, पण ती मागावर जात नाही. भूपेंद्र त्याच टोपलीशेजारी वाढला होता. लहानपणी एकदा त्याने ती लडी खेळायला घेतली होती, तर राधाबाईंनी पाठ शेकली होती. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येक घरात खरोखरच एक लडी होती. चाळीस घरांच्या चाळीस लड्या तीसच्या खाली कशा येणार? ती मागणी छत्तीसगडला या जन्मी जाणार नव्हती. आणि ज्या बायांनी लक्ष्मी म्हणून ती एक राखली, त्यांना त्याने ती सविनय संपवायला सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तर खरंच, पण याने वळसा सिंगापूरवरून घेतला होता.

त्याने सूतवाल्याला फोन लावला. सूत निघायलाच दोन दिवस, पोचायला त्यावर आठवडा. मंडई त्याच्या आधी. दुसऱ्या सकाळी तो घरोघरी गेला तर माग कापडाने झाकून ठेवले होते, कोणी मरून पडल्यासारखे. कोणी त्याला रागावलं नाही. सगळ्यांनी बसायला पाट दिला, पाणी दिलं. चहा कोणी विचारला नाही. मालनबाई तर त्याला पाहून टोपली पदराआड घेऊन आत निघून गेल्या. त्याला इतकी लाज वाटली, की नोकरी गेली तो दिवस त्यापुढे सणासारखा होता. आणि लाजेहून मोठी भीती होती. शर्त गेली. आता बाप सायकल काढणार.

वडिलांना कसं सांगावं याचं तो मनात पडद्यावर दाखवण्यासारखं पान पान तयार करत होता. पण मालनबाईंनी भैय्यालालला तुमसरला थेट फोन केला होता. त्यांच्या मोबिलिटीला अ‍ॅप लागलं नाही. दुपारच्या बसने भैय्यालाल उतरले, गल्लीतून चालत, मागांच्या खटखटीला कान देत आले, आणि घरात न शिरता सरळ अंगणात जाऊन त्यांनी भिंतीला टेकलेली सायकल उचलली. पंप काढला आणि चाकात हवा भरायला लागले. दर दोन दट्ट्यांनंतर त्यांना थांबावं लागत होतं. राधाबाई दारात उभ्या होत्या.

भूपेंद्रने जाऊन हँडल धरलं.

"किती बसले?" भैय्यालालने खाली पाहूनच विचारलं.

"सगळेच, बाबा."

"मशीन का म्हणते?"

"हरेकाकडं एक लडी हाये म्हणते."

"मंग ते एक वजा कराचं ना."

भूपेंद्र बघतच राहिला. "तुमाले मालूम होतं?"

"त्यात मालूम होयाचं का हाये बे? तो एक कोन मोजते?" भैय्यालालने पंप खाली ठेवला. पहिल्या दिवशी टीव्हीवरचे आकडे ओठ हलवत वाचताना त्यांनी प्रत्येकातून एक काढूनच वाचलं होतं. "मले वाटलं, तू वजा केलाच असशीन. घरचा पोरगा हायेस तू."

हे भूपेंद्रला लागलं. कंपनीने जास्तीचा ठरवला तेव्हा लागलं नव्हतं इतकं लागलं. तिथे निदान आकड्यांनी ठरवलं होतं. इथे बापाने काही न ठरवता नुसतं घरचा समजून विश्वास टाकला होता, आणि तो बाहेरचा निघाला होता. भैय्यालालने पुन्हा पंप उचलला. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि भूपेंद्रला एकदम रडूच आलं. स्वतःचा बचाव म्हणून नव्हे, आता काहीच लपवायचं उरलं नाही म्हणून तो बोलला.

"बाबा, समाजभवनात मी सगळ्याईसमोर आईच्या मागाचं भरून दाखोलं. सूत सरलं म्हनलं. सरलं म्हनजे शून्य लिवाचं होतं."

"मंग?"

"मीबी एकच लिवला."

भैय्यालालचा हात पंपावर थांबला. त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं, अगदी टोपली उचलताना पाहायचे तसं. "काहून?"

"मालूम नाही. शून्यावर बोटच नाही गेलं."

भैय्यालाल हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ठसका लागला, मग ते ओट्यावर बसले आणि डोळे पुसत हसत राहिले. राधाबाईंनी पाणी आणलं, ते त्यांनी हसू आवरत कसंबसं प्यायलं. अकरा वर्षं पुण्यात राहून आलेला माणूस सगळ्या गावासमोर शून्य लिहायला धजला नाही, हे ते पुन्हा पुन्हा राधाबाईंना सांगत होते, जणू त्या तिथे नव्हत्याच. मग त्यांनी कंबरेच्या करगोट्याला बांधलेली नव्या कुलपाची चाबी सोडली आणि भूपेंद्रच्या हातावर ठेवली.

"शर्त मी जितलो. सायकल निघनच," ते म्हणाले. "पन चालवशीन तू. सीट खाली करून घेजो, तुहे पाय आखूड हायेत."

भूपेंद्रने सीट खाली केली आणि निघाला. अकरा वर्षांत तो सायकलवर बसला नव्हता. घाटाकडच्या चढावर त्याला धाप लागली, उतरून सायकल हाताने ढकलावी लागली, आणि तिथल्या एका ओट्यावर बसलेल्या केवळरामने हे पाहून पुन्हा हात जोडले, या वेळी प्रत्यक्ष. मालनबाईंच्या दारात पोचला तेव्हा त्याचा सदरा घामाने चिकटला होता आणि बोलायला श्वास नव्हता. ते एका अर्थी बरंच झालं.

तो मागाशेजारी बसला. बराच वेळ मालनबाई बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात चहा होता. तो पुढ्यात ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने टोपली त्याच्याकडे सरकवली. भूपेंद्रने चहा घेतला, त्यांच्या नातवाची चौकशी केली आणि उठता उठता टोपली एका हाताने उचलून पाहिली. ती अगदी हलकी होती. आत काय आहे हे त्याने पाहिलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्याकडचं सूत सरलं."

"होय ना, बाबू," मालनबाई म्हणाल्या. "कवाचंच."